हळदी रंगाची गाडी

दादाचं आणि सेल्समनचं चांगलंच जमलं होतं. इतकं, की गाडी जिच्यासाठी घ्यायची ती दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली आहे, याचाही त्यांना विसर पडला होता.

"ताईंना रंग निवडू द्या की," सेल्समन एकदा म्हणाला.

"पांढराच," दादा म्हणाला.

ती चौतीस वर्षांची होती. फिजिओथेरपिस्ट. ज्यांना दवाखान्यात येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा उठायला, बसायला, चालायला शिकवायचं, हे तिचं काम. नऊ वर्षं ती हे काम बसने फिरून करत होती – खांद्याला वाळूच्या वजनांची पिशवी, हातात घडीचा वॉकर, आणि काखेत व्यायामाचा तो भलामोठा निळा चेंडू. बसमध्ये त्या चेंडूला लोक हसायचे. तीही हसायची. पण गेल्या वर्षी तिने लायसन्स काढलं, दुसऱ्या प्रयत्नात, आणि घरी जाहीर केलं की ती गाडी घेणार आहे. स्वतःच्या पैशाने.

चूक एकच झाली. बजेट किती, असं दादाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तसं लवचिक आहे."

लवचिक म्हटलं की जो तो आपल्या बाजूला वाकवतो. आईला छोटी हवी होती, कारण मोठी कशाला. वहिनी काही बोलली नाही, कारण तिला कोणी विचारलंच नाही. आणि दादाला लांबलचक, बुटकी, चकचकीत अशी हवी होती – दारात उभी केली की शेजाऱ्यांनी वळून बघावं अशी.

"पाणी पिऊन येते," म्हणून ती उठली. पाण्याच्या यंत्रापलीकडे एक दार अर्धवट उघडं होतं. ती तशीच बाहेर पडली.

मागे मोठं पत्र्याचं शेड होतं. नवी गाडी नेताना लोक जुनी इथे देऊन जात. पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता, ऑइलचा वास होता, आणि एका करड्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"टॉर्च द्या जरा," पाय म्हणाले. "तिथेच पडलाय, डावीकडे."

तिने टॉर्च उचलून आत धरला.

"वर... अजून थोडा... अहो, डोळ्यात नको."

"तुमचे डोळे कुठे आहेत ते मला इथून कसं कळणार?"

पाय क्षणभर स्तब्ध झाले. मग सदतिशीचा एक माणूस घसरत बाहेर आला. गालावर काळा पट्टा, कपाळावर ओले केस. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं.

"तुम्ही स्टोअरमधल्या नाही."

"नाही. गिऱ्हाईक आहे. पळून आलेय."

तो हसला नाही. फक्त ओठाचा एक कोपरा हलला. तो मेकॅनिक होता, बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या तपासणारा. त्याने बॉनेट उघडायला हात लावला – उजवा. डावा तसाच अंगाला चिकटून राहिला.

"डावा खांदा किती दिवस दुखतोय?" तिने विचारलं.

"दुखतोय असं कोण म्हणालं?"

"खांदाच म्हणाला. शर्ट घालताना आधी डावी बाही घालता. रात्री त्या कुशीवर झोप नाही."

त्याने डाव्या खांद्यावर हात ठेवला. "...चार महिने," शेवटी त्याने कबूल केलं.

"भिंतीसमोर उभे राहा. बोटं भिंतीवर ठेवा आणि हळूहळू वर चालवा. मुंगी चढते तशी. हात थांबेल तिथे खूण करा. रोज."

"आणि फी?"

"कोणती गाडी घेऊ ते सांगा."

त्याने चिंधीला हात पुसले, एक स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "आधी सांगा, गाडीत कोणाकोणाला आणि काय काय न्यायचंय?"

महिनाभर चाललेल्या चर्चेत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. ती स्टुलावर बसली आणि बोलत सुटली. पिशवी, वॉकर, चेंडू. आणि ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता बावीस इंच उंचीवरून आपले आपण उठतात, त्याखालून नाही. दोन वर्षांत घराबाहेर पडलेले नाहीत, कारण कुठल्याही गाडीत बसवलं की पुन्हा बाहेर काढायला चार माणसं लागतात, आणि चार माणसांनी उचललेलं त्यांना चालत नाही.

"मग आत दाखवतायत ती गाडी तुमच्या कामाची नाही," मेकॅनिक म्हणाला. "तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं."

"इथेच नोकरी करून असं बोलता?"

"म्हणून तर हळू बोलतोय."

तेवढ्यात दारात दादा आला. "तू इथे काय करतेस? टोकन द्यायचंय."

"द्यायचं नाहीये," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तिला तो आवडला.

त्यानंतरचे चार रविवार ती आणि मेकॅनिक जुन्या गाड्या बघत फिरले. तो रविवारी लोकांना गाड्या तपासून देत असे. तो इंजिनाला कान लावायचा. ती टेप काढून सीटची उंची मोजायची. विकणारे बुचकळ्यात पडायचे.

"अठरा इंच," ती म्हणायची.

"ऑइल गळतंय," तो म्हणायचा.

"सुंदर दिसते पण."

"दिसायला काय, मीही बरा दिसतो. खांद्याचं बघा."

"खांदा सुधारतोय. बाकीचं अजून तपासलेलं नाही."

मग तो गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त वेळ राहायचा. बाहेर यायचा तेव्हा कान लाल असायचे... आणि ती टेप गुंडाळण्यात फार गर्क असायची.

पाचव्या रविवारी ती दिसली. हळदी रंगाची, कपाटासारखी उंच आणि चौकोनी. रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईंची. डिकीत अजून माती होती आणि मागच्या सीटच्या फटीत कुठलंतरी बी रुजून इवलं पान वर आलेलं. दार पार काटकोनात उघडत होतं. तिने टेप लावला. साडेतेवीस इंच.

ती आत बसली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिली. पाच रविवारांत पहिल्यांदाच ती गाडीत गप्प बसली होती.

तो खालून बाहेर आला. "ही नको."

"का?"

"क्लच संपत आलाय. गिअरबॉक्स कुरकुरतोय. वर्षभरात काम काढेल. त्यापेक्षा मागच्या आठवड्यातली चंदेरी घ्या, ठणठणीत आहे."

"ती वीस इंच होती."

"उशी ठेवली की झालं."

"उशी सरकते. उशी सरकली की माणूस पडतो. आणि एकदा पडला की पुन्हा घराबाहेर पडायला तयार होत नाही."

"क्लच जाईल, सांगतोय ना."

"गेला तर बदलू."

तो थांबला. हळूच म्हणाला, "बदलू... म्हणजे कोण कोण?"

तिच्या मानेपासून वर काहीतरी गरम चढत गेलं. "म्हणजे – बदलेन. मी."

तिथे तो गप्प बसता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माणूस घाबरला की शहाणपण शिकवायला लागतो. "हे बघा," तो म्हणाला, "मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

ती गाडीतून उतरली. टेप पिशवीत टाकला.

"हे वाक्य मला घरीच ऐकायला मिळतं. रोज," ती म्हणाली. "त्यासाठी रविवार घालवायची गरज नव्हती." आणि ती बसस्टॉपच्या दिशेने चालू लागली. त्याने हाक मारली नाही. तिनेही मागे वळून पाहिलं नाही, म्हणजे वळणावर एकदाच पाहिलं, तर तो तिथेच उभा होता, चिंधी हातात धरून.

दहा दिवस तिने विचार केला. क्लचचा, गिअरबॉक्सचा, काकांच्या गुडघ्यांचा. मग एकटी गेली आणि हळदी गाडी घेऊन आली. वाटेत तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा तिने पुन्हा सुरू केली.

दादा फाटकाशीच उभा होता. "ही? या पैशात ही? ही गाडी आहे की कपाट?"

"कपाट. त्यात माझं सगळं मावतं."

"त्या मेकॅनिकने फसवलंय तुला. दलाली खाल्ली असणार त्याने."

"त्याने घेऊ नको असंच सांगितलं होतं, दादा. तुझं आणि त्याचं अगदी एकमत होतं. मी दोघांचंही ऐकलं नाही."

दादाने गाडीकडे पाठ फिरवली. तो आत गेला. वहिनी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून आली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं आणि काच खाली करून हळू आवाजात म्हणाली, "मला शिकवशील?"

सोमवारी ती गाडी घेऊन त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. क्लच बदलायचा होता, आणि तो कोणी चांगला बदलतो हे तिला माहीत होतं. एवढंच कारण आहे, असं तिने वाटेत दोनदा स्वतःला सांगितलं.

तो तिथे नव्हता. भिंत होती. भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीशेजारी तारीख. छातीच्या उंचीपासून सुरू होऊन डोक्याच्या वर गेलेल्या. तिने तारखा वाचल्या. भांडण झालं त्या रविवारची होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. एकही दिवस सुटलेला नव्हता. सर्वात वरची आजची होती.

"काल दीड बोट जास्त गेलं," मागून आवाज आला.

ती वळली नाही. "गाडी घेतली मी."

"दिसली. आंधळ्यालाही दिसेल अशी आहे."

"क्लच बदलायचाय. तपासून सांगा. क्लचबद्दलच."

तो पुढे येऊन भिंतीशी उभा राहिला, तिच्यापासून हातभर अंतरावर. "क्लचबद्दल मी बरोबर होतो," तो म्हणाला. "उशीबद्दल चुकलो. आणि ते भल्याचं जे बोललो... त्याबद्दल तर फारच. गाडी रस्त्यात बंद पडली की तुम्ही मला शिव्या द्याल, पुन्हा तोंड बघणार नाही, अशी भीती वाटली. म्हणून सुरक्षित ते सांगितलं."

"गाडी माझी. बंद पडली तर शिव्याही मी माझ्या मीच देईन."

"मला एकही नाही?"

"वागणुकीवर आहे," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला हसू आवरलं नाही. बाहेर पाऊस नव्हता, ऊन होतं, आणि त्याच्या भुवईवर खडूची पांढरी धूळ बसली होती. तिने ती बोटाने पुसली. 

रविवारी सकाळी दहाला ती ड्रायव्हरकाकांच्या दारात पोचली. मेकॅनिक मागच्या सीटवर, मांडीवर निळा चेंडू घेऊन. गाडीचा काही आवाज आला तर ऐकायला म्हणून आलो, असं त्याचं म्हणणं. काका काकूंचा हात सोडून वॉकरवर पाच पावलं चालले. दाराशी आले, वळले, टेकले, आणि बसले. तिने फक्त कोपराजवळ हात धरला होता, न टेकवता. चार माणसं लागली नाहीत. एकही लागलं नाही. काकू पदर तोंडाला लावून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

काकांनी डावा तळवा समोरच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ती त्यांना बाजारातून, शाळेवरून, त्यांच्या जुन्या डेपोवरून घेऊन गेली. डेपोपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. आतून बस बाहेर पडत होत्या, एकामागून एक, आणि काका प्रत्येकीचा नंबर पुटपुटत होते. मग निघायची खूण केली. पुढे चौकात सिग्नल लागला.

"क्लच," काका म्हणाले. शब्द सावकाश, एकेक जुळवून यायचे. "नवा आहे."

"हो काका. यांनी बसवला."

काकांनी मान वळवायचा प्रयत्न केला, आरशातून मागे पाहिलं. "हा... कोण?"

"मी गाडीचा –" मागून सुरुवात झाली.

"माझा आहे," ती म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. तिचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी एक धक्का खाऊन बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले.

"काय म्हणालात?" मागच्या सीटवरून अगदी हळू आवाज आला.

"लोक हॉर्न वाजवतायत."

"वाजवू देत. पुन्हा म्हणा."

ती सीटवर पूर्ण मागे वळली. चेंडूच्या वर फक्त त्याचे डोळे दिसत होते. "माझा आहेस, म्हणाले. आता मला गाडी सुरू करू दे."

"तुझाच," तो म्हणाला.

काकांनी डाव्या हाताने रस्ता दाखवला. "चल मग," ते म्हणाले. "लोक... खोळंबलेत."

काकांना घरी सोडल्यावर तो पुढे येऊन बसला. तिच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "मी इथे कोपऱ्यावर उतरू?"

"का?"

"दादा असतील घरी."

"असेल की," ती म्हणाली, आणि कोपरा मागे पडला.

दादा फाटकाशी नळी घेऊन झाडांना पाणी घालत होता. हळदी गाडी नीट दारासमोर थांबली. दोन्ही बाजूंची दारं उघडली, दोघं उतरले. दादाने नळी खाली सोडली. पाणी त्याच्या चपलांवरून वाहू लागलं, तरी त्याला कळलं नाही. मागे वहिनी दारात आली.

"हे... ते मेकॅनिक ना?" दादा म्हणाला. "यांचं काय काम आता? गाडी तर घेतलीस."

"घेतली," ती म्हणाली. तिने शेजारी उभ्या असलेल्याचा डावा हात धरला. तो आता सहज वर येत होता. "काही विचारायला आणलं नाहीये, दादा. सांगायला आणलंय. बस, सगळं सांगते."