खाली न आलेलं निशाण

चहा घ्या, समोवारातलं पाणी अजून गरम आहे. बाहेर धुकं उतरतंय, तेवढ्यात सांगून टाकते.

आमच्या या व्होल्गाकाठच्या शहरात इन्नोकेंती वार्लामोविच नावाचे संगीतकार होते. पियानो त्यांना पुरेना, म्हणून त्यांनी कारखान्यांच्या भोंग्यांसाठी सिंफनी रचली. आगीवर नजर ठेवायच्या उंच बुरुजावरून ते लाल निशाण वर करायचे, की ज्याची पाळी त्यानं आपल्या भोंग्याची दोरी ओढायची. निशाण खाली येईपर्यंत सोडायची नाही. शेवटचा, सगळ्यांत खर्जाचा सूर आमच्या कापडगिरणीचा, म्हणजे माझा; तिथली दोरी मीच ओढायचे.

"उस्तिन्या, तुझ्याशिवाय हे शहर अपुरं," ते म्हणायचे. असं ते कुठल्या नावाजलेल्या गायिकेला म्हणाले नाहीत, हे ध्यानात ठेवा.

ते वारले. नगरसमितीनं बजावलं, अंत्ययात्रेला काय वाजवायचं ते वाजवा, उद्यापासून हा गोंगाट बंद. म्हणजे त्यांची सिंफनी त्या दिवशी शेवटचीच. आणि भरदुपारी नदीवरून दाट धुकं आलं.

"बुरुजावर कोण आहे, काका?" मी बॉयलरवाल्या पान्तेलेयकाकाला विचारलं.

"कुणी नाही. बर्फानं जिना बंद झालाय. अंदाजानं ओढ."

"अंदाजानं? त्यांची सिंफनी?"

"मग काय मेलेला माणूस येणार आहे निशाण दाखवायला?"

इतक्यात पोलादाचा कारखाना बोलला, मग गोदीतल्या बोटी. एकही सूर चुकला नाही. माझी छाती अभिमानानं भरून आली. मग सगळं शांत झालं. माझी पाळी. खिडकीबाहेर काढलेला हातही धुक्यात दिसत नव्हता, पण निशाण दिसलं. लालभडक. वर. मी दोरी ओढली.

सूर निघाला, शहरभर पसरला, थांबेचना.

"सोड, उस्तिन्या..." काका कुजबुजला.

"निशाण वर आहे."

"कसलं निशाण?... अगं, वाफ केव्हाच संपलीय..."

मी वळून पाहिलं. बॉयलरचा काटा शून्यावर होता. भोंगा वाजतच होता. आमच्या त्या कोळशाच्या खोलीत इन्नोकेंती वार्लामोविचांच्या पाइपच्या तंबाखूचा वास दाटला होता. तरी मी दोरी सोडली नाही. शेवटी काकानं सुरीनं दोरी कापली, तेव्हा कुठे सूर थांबला.

पुढे भोंगा भंगारात गेला. तरी धुकं उतरलं की तो खर्ज शहरभर घुमतो. समितीचे साहेब खिडक्या लावून घेतात. मी उघडते. माझाच सूर तो, मी का घाबरू?

दोरीचं तुटकं टोक मी त्या खिळ्याला टांगून ठेवलंय. एरवी लोंबत असतं.

बघा... आता कसं ताणलंय.