लग्नाचं वाक्य पूर्ण बोलायचं नसतं

त्या दिवशी कैरोत पाऊस पडला तो फक्त माझ्या अंगावर.

वर आकाश निळंशार, डिसेंबरातलं कोवळं ऊन, आणि स्टुडिओच्या अंगणात पाण्याच्या टँकरवर चढलेल्या आमच्या दिवेवाल्या दरवेशने नळी वळवली ती नायक-नायिकेऐवजी थेट माझ्याकडे! डोक्याच्या रुमालापासून चपलेपर्यंत मी चिंब. सगळे खो खो हसले. एकच माणूस हसला नाही. तो आपल्या चहाच्या ग्लासावर तळहात धरून उभा होता, आत पाणी पडू नये म्हणून. त्याने तो ग्लास माझ्यापुढे केला.

"घ्या. गरम आहे अजून."

मी घेतला. पुदिन्याचा वास नाकात गेला आणि जरा जिवात जीव आला. मग मात्र माझं तोंड सुटलं.

"हा सीन ज्याने लिहिलाय ना, त्याला मला एकदा भेटायचंय!"

"का हो?"

"का म्हणजे? बघा की. पाऊस पडतोय तो त्या दोघांवरच. मागे दोरीवर चादर वाळतेय ती ठणठणीत कोरडी! बरं, ती बाई आंधळी. पाय घसरून पडते, डोकं आपटतं, आणि उठते तर काय, लख्ख दिसतंय! वर पहिल्या नजरेत ओळखते, हाच तो! अहो, कधी पाहिलाच नाही तर ओळखेल कशी?"

"आवाजावरून?"

"तो तोंड उघडतो कुठे? नुसता बघत उभा!"

तो विचारात पडला. अगदी मनापासून पडला, भुवया जुळल्या, ओठ किंचित पुढे आले... दिसायला बरा होता, हे तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, उगाच खोटं कशाला बोलू.

"हे लक्षातच आलं नाही," तो हळूच म्हणाला.

"तुमच्या लक्षात कशाला यायला हवं? लेखकाच्या यायला हवं."

"हो ना..." रिकामा ग्लास माझ्या हातून घेत तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी."

आणि तो गेल्यावर दोन मिनिटांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगंबाई! मी कपाळाला हात लावला.

तर हा हातिम. गल्लाभरू सिनेमे लिहायचा, ईदला लागणारे. आणि मी रबाब. माझं काम असं, की आधीच्या शॉटमध्ये नायकाच्या डाव्या हाताला पट्टी असेल तर पुढच्याही शॉटमध्ये ती डाव्याच हाताला आहे ना, हे बघायचं. सिनेमात काय काय विसंगत आहे ते शोधण्याचाच पगार घेते म्हणा ना. हे काम मला मिळालं सबरीकाकांमुळे. सबरीकाका म्हणजे बाबांचे चहाच्या दुकानातले दोस्त, सिनेमात म्हातारे बाप, न्यायाधीश, काझी असली कामं करणारे. "पोरीवर मी लक्ष ठेवीन," असं त्यांनी बाबांना सांगितलं, म्हणून आमच्या शुब्रा वस्तीतल्या घरून परवानगी मिळाली. लक्ष ते कसलं ठेवतात! दुपारी खुर्चीत घोरत असतात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हातिम कोशरीची, म्हणजे मसूर-भाताची, दोन भांडी घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"आज काय चुकलं?"

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो होतो की. रात्रभर. मग सकाळी वाटलं, हिला अजून काय काय खटकतं ते बघू तरी."

मग रोजचाच नाद लागला. मी एक सीन पुढे टाकायची आणि तो त्यामागचं कारण सांगायचा. कारण असायचंच, हीच तर गंमत!

"नायिका झोपेतून उठते तरी ओठांना लाली कशी?"

"तिच्या आईने करारात लिहून घेतलंय."

"आणि नुसता चष्मा लावला, तर सख्खी सासूसुद्धा सुनेला ओळखत नाही?"

"माझी मावशी तिच्या सुनेला चष्म्याशिवायही ओळख देत नाही. तिच्यावरूनच लिहिलं."

मी इतकी हसले की मसूर नाकात गेला. तो घाबरून पाणी घेऊन आला आणि मग आम्ही दोघंही कितीतरी वेळ हसत बसलो.

एकदा मात्र मी विचारलं, "छातीत गोळी लागलेला माणूस एवढं लांबलचक बोलतो कसं हो? आईची माफी मागतो, बहिणीचं लग्न ठरवतो, मित्राला शपथ घालतो... मरतच नाही मेला!"

तो हसला नाही. चमच्याने उगाच भात उकरत राहिला.

"माझे वडील मिन्याला, गावी, वारले तेव्हा मी गाडीत होतो," तो म्हणाला. "पोचलो तोवर... काहीच बोलले नव्हते म्हणे. कुणाशीच. म्हणून माझी माणसं मरताना भरपूर बोलतात. त्यांना मी घाई करत नाही."

मी माझ्या वाटणीचा तळलेला कांदा त्याच्या भांड्यात टाकला. तो त्याने खाल्ला, आणि त्या दिवसापासून मी त्याला 'उस्ताद' म्हणायचं सोडून नुसतं हातिम म्हणायला लागले.

पण पुढे? पुढे काहीच नाही! अहो, माणसाने काही बोलावं की नाही? मेलेल्या माणसांच्या तोंडी पानंच्या पानं घालणारा हा, माझ्यासमोर मात्र कोशरी, चहा आणि 'आज काय चुकलं' यापुढे सरकेना.

आणि इकडे माझ्या घरात मन्सूरा शहरातल्या एका औषधदुकानदाराचं स्थळ येऊन ठेपलं. मामीचा भाचा. माणूस वाईट नाही, हो. सरळ, शांत, दर वाक्याला 'इन्शाल्ला' म्हणणारा. शुक्रवारी त्याची माणसं आमच्याकडे फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, वाचायला येणार होती. एकदा दोन्ही घरांनी एकत्र बसून फातिहा वाचली की शब्द दिला गेला, मग मागे फिरणं म्हणजे बापाची मान खाली.

"बाबा, मला नाही करायचं," मी म्हणाले.

"कारण सांग," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते, तेच तर वाईट. "मुलगा दारुडा आहे? खोटारडा आहे? नुसतं मन नाही, हे काही कारण झालं नाही, बाळा. मी त्यांना काय तोंडाने सांगू? शुक्रवारपर्यंत एक कारण दे, मी मोडतो."

आता कारण तर रोज दुपारी माझ्यासमोर बसून कोशरी खात होतं. पण त्याने आधी तसं म्हणायला नको? मीच कसं म्हणू?

गुरुवार उजाडला. त्या दिवशी नेमका लग्नाचा सीन होता.

"हे एक सांग," सकाळी मी त्याला गाठलं. जीव टांगणीला लागलेला, पण जिभेची सवय जाते थोडीच! "तुझ्या प्रत्येक सिनेमात लग्न लागतं, आणि नेमकं 'कबूल' म्हणायच्या क्षणी कुणीतरी धावत येतं, 'थांबा!' म्हणत. हे लोक अर्धा तास आधी का येत नाहीत?"

"ते माझं नाही, डायरेक्टरसाहेबांचं आहे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "त्यांच्या आजीने सांगून ठेवलंय, लग्नाचे शब्द चेष्टेत म्हटले तरी लागतात. म्हणून आमच्याकडे ते वाक्य कुणी पूर्ण बोलतच नाही. कधी वीज जाते, कधी पोलीस येतात, एकदा तर मी बैल घुसवला मांडवात."

"तो बैल त्यासाठी होता?"

"मग तुला काय वाटलं, मला आवडतात म्हणून?"

मी हसले. पण तो माझ्याकडे बघतच राहिला, जरा जास्तच वेळ. "रबाब, आज तुझा चेहरा..." एवढं म्हणाला, आणि थांबला.

"काय झालंय माझ्या चेहऱ्याला?"

"काही नाही. उद्या सुट्टी आहे ना... मजा कर."

मजा कर! बघा, हा असा माणूस!

दुपारी नायक-नायिका दोघंही पुलावरच्या गर्दीत अडकले. दिवे तर लावून घ्यायचे होते. डायरेक्टरसाहेब फोनवर कुणावर तरी ओरडत होते, त्यातच त्यांनी हात केला, "रबाब, तू बस नवरीच्या जागी. हातिम, तू तिथे. दरवेश, दिवा खाली घे!"

बसले. समोर हातिम. मधे काझीच्या वेषात सबरीकाका, नुकतेच झोपेतून उठलेले. आमच्याकडे सिनेमातल्या लग्नात असतं तसं, नवरानवरीने एकमेकांचा उजवा हात धरायचा, अंगठ्याला अंगठा भिडवून, आणि वर पांढरा रुमाल टाकायचा. काकांनी रुमाल टाकला. हातिमचा हात गरम होता.

"म्हणा माझ्या मागून," काकांनी खाकरून सुरुवात केली. सिनेमातल्या नवरीचं नाव होतं समीहा. ते काकांना आठवेना. आठवेना म्हणून त्यांनी समोर जी दिसली तिचंच नाव घेतलं, आणि बाबांशी इतक्या वर्षांची दोस्ती, त्यांचंही नाव जिभेवर आलंच!

"मी, अब्देल मोनेमची मुलगी रबाब..."

माझ्या पाठीतून शहारा गेला. पण काकांचा आवाज असा खणखणीत, की शाळेत म्हणावं तसं मी म्हणून गेले. शब्द संपले. काका हातिमकडे वळले. आता कुणीतरी 'कट' म्हणेल, आता वीज जाईल... डायरेक्टरसाहेब अजून फोनवरच.

हातिमने माझ्याकडे पाहिलं. आणि अगदी सावकाश, एकही शब्द न गाळता, तो म्हणाला, "कबूल आहे. मला हे लग्न कबूल आहे."

शिडीवरून दरवेश किंचाळला, "अरे, लागलं की लग्न!"

कपडेपटातल्या उम्म हाशिमने जीभ हलवून लग्नातली लांबलचक किलकारी अशी ठोकली, की डायरेक्टरसाहेबांच्या हातून फोन पडला. मग काय गोंधळ! कुणी म्हणे लागलं, कुणी म्हणे मुलीच्या बापाशिवाय कसं लागेल, कुणी म्हणे साक्षीदार तर तीसजण आहेत. कॅन्टीनवाल्याने लग्नाचं लाल शरबत ग्लासात ओतायलासुद्धा घेतलं. सबरीकाका तर रडकुंडीला आले, "मी अब्देल मोनेमला काय सांगू? लक्ष ठेवतो म्हणालो होतो!"

"चला मशिदीत!" डायरेक्टरसाहेब गरजले. "शेखसाहेब सांगतील ते खरं!"

मागच्या गल्लीतल्या मशिदीत दुपारची नमाज नुकतीच आटोपली होती. शेखसाहेब कनवाळू म्हातारे. आमची ही वरात बघून त्यांनी आधी सगळ्यांना खाली बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मला विचारलं, "मुली, तू खरंच लग्न करत होतीस का?"

"नाही, शेखसाहेब. मी... दिव्यांसाठी बसले होते."

"आणि तू, बाळ? चेष्टेत म्हणालास ना?"

हातिमची मान खाली. डायरेक्टरसाहेबांनी त्याला कोपर मारलं. "अरे, हो म्हण की! सुटशील!"

"नाही," हातिम म्हणाला. "चेष्टेत नाही म्हणालो."

मी झर्रकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

शेखसाहेब दाढी कुरवाळत त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लग्न काही लागलेलं नाही. मुलीच्या मनात नव्हतं, घरच्यांना पत्ता नाही. जा सगळे कामाला, आणि असले शब्द खेळायला घेऊ नका." नंतर जरा थांबून हातिमला म्हणाले, "आणि तू... असं म्हणायची जागा मुलीचं घर असते, बाळा."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सबरीकाकांनी तर तिथेच दोन्ही हात आभाळाकडे उचलले. आणि मला? मला रडू येत होतं. लागलं नाही याचं मला वाईट वाटत होतं, आणि हे कळायला एवढा तमाशा व्हावा लागला!

सगळे गेले. पायरीवर आम्ही दोघंच. तो एका पायात बूट चढवून दुसरा शोधत होता.

"एवढं मनात होतं तर इतके दिवस तोंडाला कुलूप का लावलं होतंस?" मी विचारलं.

"मी गल्लाभरू लिहिणारा माणूस, रबाब. तू हसशील असं वाटायचं. तू सगळ्यालाच हसतेस."

"आत्ता हसतेय का मी?"

त्याने वर पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "रडतेयस. मी... मी काय करू?"

"काही करू नकोस. उभा राहा नुसता. बाबांना फोन करते."

दुसऱ्याच घंटेला बाबांनी फोन उचलला.

"बाबा, तुम्ही कारण मागितलं होतं ना? आहे कारण. माझं एका माणसावर प्रेम आहे. हातिम नाव त्याचं. सिनेमे लिहितो, येडचाप लिहितो, पण माणूस फार चांगला आहे. मला तोच हवाय, बाबा."

तिकडे मागून चहाच्या दुकानातल्या सोंगट्या आपटत होत्या.

"त्याला कळलंय का हे?" बाबांनी विचारलं.

"आत्ताच कळलं. इथेच उभा आहे."

"दे त्याच्याकडे."

हातिमने फोन दोन्ही हातांनी धरला. "हो काका... हो... आई आहे, बहीण आहे... हो, काका..." एवढंच. मग कितीतरी वेळ तो नुसता ऐकत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फोन बंद करून त्याने माझ्या हातात दिला.

"काय म्हणाले? सांग ना! नको म्हणाले का?"

"म्हणाले... उद्या येऊ नकोस."

मी पायरीवर बसकण मारली.

"म्हणाले, आजच ये. आईला घेऊन," हातिमचा आवाज कापत होता. "म्हणाले, ती मन्सूराची माणसं भली आहेत, पहाटे गाडी करून निघतील. त्यांना फुकट हेलपाटा नको, संध्याकाळच्या आत कळवायला हवं. पण कळवायच्या आधी, म्हणाले, पोरा, मला तुझा चेहरा बघू दे."