वळणावरचे टाके

गोमाजीची तेरवी आटोपून दोन दिवस झाले होते. दुपारच होती, पण आभाळ इतकं भरून आलं होतं की अड्याळच्या बाजारगल्लीत दुकानदारांनी दिवे लावले होते. केशवराव मागची खोली झाडायला उठले.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी ते रेल्वेतून निवृत्त झाले. सारं आयुष्य छोट्या लाइनीच्या स्टेशनांवर गेलेलं. गावी आल्यावर मागच्या खोलीत मोठ्या फळीवर त्यांनी तसंच एक स्टेशन उभं केलं, बोटभर उंचीचा सिग्नल, वीतभर डब्यांची गाडी. रुळांचे सांधे मात्र सोल्डर मारून जोडावे लागत, आणि ते काम त्यांना कधी साधलं नाही. म्हणून रेडिओ दुरुस्त करणारा त्यांचा शाळासोबती गोमाजी यायचा. त्याचा टाका चांदीच्या थेंबासारखा चमकायचा.

याच फळीपुढे गोमाजी पडला. छातीत कळ आली, असं केशवरावांनी सांगितलं. गावाने मानलं.

खरं काय ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. सोल्डरिंग आयर्न महिनाभर हाताला मुंग्या आणत होतं. जुन्या सॉकेटात बसेना म्हणून तीन पिनांचा प्लग काढून त्यांनीच दोन पिनांचा लावला होता, आणि वायर फाटली तिथे चिकटपट्टी गुंडाळली होती. गोमाजीने विचारलंही होतं, "झटका गिटका तं नाही न देत हा?"

"नाही गा. मी रोजच वापरून राहिलो."

कसबी माणसापुढे आपला गलथानपणा कबूल करायची लाज वाटली. एवढंच कारण. आणि गोमाजी कोसळल्यावर त्यांनी प्लग उपटला, आयर्न ट्रंकेत घालून कुलूप लावलं, आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली.

आता दार ढकलताच सोल्डरच्या राळेचा वास आला. ताजा, जळका. खिडकी तर पंधरा दिवस बंद होती. रुळांच्या वळणावर गोमाजी तीन टाके मारून चौथ्याला हात घालत होता, तेव्हाच ते घडलं होतं. केशवराव वाकले. चौथा टाका पुरा झालेला होता. त्यांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

टाका गरम होता.

ट्रंकेचं कुलूप तसंच होतं. उघडून पाहिलं, तर आत आयर्न गार पडलेलं.

"भाऊजी..." दारात गोमाजीची बायको, सत्यभामाबाई उभी होती. "त्यायचा चष्मा इथंच राहिला का?"

केशवरावांनी फळीवरचा चष्मा उचलून दिला. ती हलेना.

"आंग धुताना त्यायच्या बोटावर काळा डाग दिसला मले. कायचा होता तो?"

"बिडीचा असन, वहिनी..."

पाठीमागे चर्र झालं. अगदी बारीक. धुराची एक रेघ वळणावरून सरळ वर गेली, आणि तिथे पाचवा टाका ओला चमकत होता.

"काय वाजलं?"

"पाल... पाल असन."

चर्र. सहावा.

केशवरावांच्या मानेवर घाम उतरला. खोलीत दोघंच होती, पण कुणीतरी शेजारी उभं राहून फार शांतपणे काम करत होतं. चिडून नाही, घाईने नाही. नेहमीसारखं, मन लावून.

सत्यभामाबाई हळूच म्हणाली, "ते कधी अनवाणी काम नव्हते करत. मंग चप्पल बाहेर काहून होती?"

तोंडाशी आलेलं खोटं केशवरावांनी गिळलं. "मीच काढाले लावली... चिखल आत येते म्हणून."

या वेळी आवाज झाला नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. प्लग, चिकटपट्टी, ट्रंक. मान वर करता येईना.

"पडले तवा श्वास चालू होता का त्यायचा?" तिने विचारलं.

"पाहिलं नाही मी... आधी ट्रंक उघडली."

तिने चष्मा पदरात बांधला आणि पावसात निघून गेली. केशवराव त्याच पावली पोलीस चौकीत गेले. भरल्या लोकांत त्यांनी जबाब लिहून दिला. गल्लीतलं कुणी त्यांच्याशी बोलेनासं झालं, आणि त्यांनी त्याबद्दल कुरकूर केली नाही. फळी मोडली. वायरमन बोलावून खोलीची वीजच तोडून टाकली.

खोली आता रिकामी आहे. पावसाळ्यात तिथल्या सिमेंटला ओल सुटते, भिंतीपासून भिंतीपर्यंत जमीन पाझरते. मधे एक जागा तेवढी कोरडी राहते, एखादा माणूस कुशीवर निजला असावा एवढीच. केशवरावांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती खोलीच्या मधोमध होती, गोमाजी पडला होता तिथेच.

यंदा ती दारापाशी आली आहे.