मास्तरांची खुर्ची

सेटवर त्याला सगळे डोळस म्हणायचे. मास्तर दिवे लावायचे, सावल्या पाडायचे, पडद्यावर नाव त्यांचं झळकायचं; हा बापडा कॅमेऱ्याला डोळा लावून बसायचा. कॅमेरा चालवणं वेगळं आणि उजेड रचणं वेगळं. एक हमाल, दुसरा धनी. घरी आईच्या जिभेला तर हाडच नव्हतं.

"केस पिकले तुझे, अजून दुसऱ्याच्या उजेडात डोळे फोडतोयस. तुझं नाव कधी लागायचं रे? मी मेल्यावर?"

दर शॉटआधी मास्तर दिव्यापाशी उभे राहायचे, काठी आपटायचे आणि विचारायचे, "दिसतंय?"

"दिसतंय, मास्तर."

मगच कॅमेरा चालू.

पुढे मास्तरांची नजर गेली. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही, पण डोळसाला कळलं होतं. आता याच्या एका शब्दावर म्हाताऱ्याची सगळी अब्रू होती.

एके दिवशी नायिकेचा चेहरा ठार अंधारात होता. काठी आपटली.

"दिसतंय?"

याने आवंढासुद्धा गिळला नाही. "दिसतंय, मास्तर."

फिल्म धुऊन आली ती काळीकुट्ट. निर्मात्याने भर सेटवर मास्तरांचा पाणउतारा केला आणि घालवून दिलं. म्हाताऱ्याने हाय खाल्ली, थोड्याच दिवसांत गेला. खुर्ची याला मिळाली. आईने गल्लीभर मिरवून घेतलं.

"कॅमेऱ्यावर कोणाला बसवायचं?" निर्मात्याने विचारलं.

"कोणाला नको. दोन्ही मीच करीन."

तिथे बसलेला माणूस काय करू शकतो, हे याच्याइतकं कोणाला ठाऊक?

पहिला शॉट त्याच खोलीतला. नायिका खिडकीशी बसली. याने दिवा जरासा वळवला, मागे सरला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "दिसतंय?"

स्वतःशीच ओशाळला. विचारतोय कोणाला मेला!

"दिसतंय, मास्तर."

कॅमेऱ्यामागून. आवाज त्याचा स्वतःचाच.

कोणी मान वर केली नाही. नायिका केस सारखे करत होती. तो कॅमेऱ्यापाशी गेला. स्टूल रिकामं. डोळा टेकवायचं रबर मात्र कोमट होतं, ओलसर होतं.

त्याने डोळा लावला. चेहरा लख्ख. शॉट घेतला.

फिल्म बघायला सगळे छोट्या थिएटरात जमले. यंत्राची घरघर सुरू झाली. पडदा काळा. काळाच.

"वा! काय चेहरा उजळलाय!" निर्माता म्हणाला. टाळ्या पडल्या.

थट्टा करतायत मेले, त्याला वाटलं. तो डोळे ताणून पडद्याकडे बघत राहिला. घरघर थांबली. खुर्च्या सरकल्या.

"अहो, उठा की. दिवे लागले केव्हाचे."

अंधार तसाच होता.

शेजारच्या खुर्चीपाशी काठी आपटली.

"दिसतंय?"

"दिसतंय, मास्तर," तो म्हणाला.