आपला वाटा

क्वालालंपूरच्या त्या टपरीवर सकाळी उशिरा नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, मिळणं म्हणजे नशीबच. हझवानी धापा टाकत पोहोचली, तेव्हा शेवटची पुडी एका उंच तरुणाच्या हातात होती. तिचा पडलेला चेहरा त्याने पाहिला, आणि केळीच्या पानातला तो गरम भात सरळ तिच्यापुढे धरला.

"घ्या. मला भूक नाही."

नेमकं तेव्हाच त्याचं पोट असं गुरगुरलं, की टपरीवाली मावशी फिदीफिदी हसत सुटली.

"खोटं बोलणं तुमच्या पोटाला जमत नाही वाटतं!" हझवानी म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. आणि तिथेच... बाईसाहेबांचं चित्त थोडं जागचं हललं.

हझवानीचं काम बँकांची तब्येत तपासण्याचं. दोन इस्लामी बँकांपैकी जास्त भक्कम कोणती, हे तिला ठरवायचं होतं. पहिल्या बँकेच्या बैठकीत शिरली, तर समोर तोच! हिशेब विभागातला फख्री.

या बँकांत व्याज नसतं. धंद्यात नफा होईल त्यात ठेवीदारांचा ठरलेला वाटा, बँकेचा ठरलेला वाटा. मंदीत दुसऱ्या बँकेने ठेवीदारांना कमी दिलं होतं. इथले साहेब मात्र "आम्ही एक पैसाही कमी केला नाही" म्हणून मिशीला पीळ देत होते.

"धंदा बसला होता ना? मग आलं कुठून?" हझवानीने विचारलं.

साहेब चहा ढवळत राहिले. फख्रीने मान वर केली.

"बँकेने आपला वाटा सोडला. लोक ठेवी काढून निघून जातील या भीतीने... दरवर्षी. गंगाजळी आटत आलीय."

साहेबांचे डोळे आग ओकत होते. हझवानीला मात्र तो माणूस एकदम फार देखणा दिसायला लागला. खरं बोलणारी माणसं तिने या कामात किती पाहिली होती?

बाहेर त्याने विचारलं, "चहा?"

"अहवाल निघेपर्यंत तुमच्याकडचं पाणीसुद्धा नको."

"मग निघाल्यावर?"

"तेव्हा तुम्ही माझं तोंड तरी पाहाल का... कोण जाणे."

अहवाल लिहिताना तिने त्याच्या बँकेचं पान पुन्हा उघडलं. दोन शब्द मऊ केले असते तर कुणाला कळलं असतं? पण त्याने एवढं खरं सांगावं आणि आपण शेपूट घालावी? तिने त्याची बँक दुसऱ्या क्रमांकावर टाकली.

अहवाल निघाला. टपरीवर फख्री दिसेना. आज नाही, उद्या नाही... हझवानी रोज रस्त्याकडे बघत बसे. नोकरी गेली असेल त्याची, माझ्यामुळे.

आणि एका सकाळी तो आला!

"साहेबांनी झाडझाड झाडलं, सगळे हिशेब पुन्हा करायला बसवलं," तो म्हणाला, "मग म्हणाले, यंदा ठेवीदारांना खरं सांगू. नफा कमी, तर वाटाही कमी."

"लोक जातील ना?"

"काही जातील. बघू."

मावशीने शेवटची पुडी पुढे केली. पुन्हा त्याने ती हझवानीकडे सरकवली. "घ्या, मला भूक—"

"गप्प बसा!" तिने पान उघडलं, भाताचे दोन भाग केले. "दरवेळी आपला वाटा सोडू नका, फख्री. नाही सोडलात... तरी मी कुठे जाणार नाहीये."

त्याने अर्धा भात आपल्याकडे ओढला. मग हळूच म्हणाला, "मुदत किती?"

"बिनमुदत," हझवानी म्हणाली, "आता जेवा."