शीड ओढणाऱ्यांची पोर

तालालाहून सुटलेली एसटी गच्च भरली होती. मोठ्या बहिणीचं बाळ माझ्या मांडीवर, आणि त्यानं असा सूर लावलेला की कंडक्टरनंही दोनदा डोळे वटारले. शेवटी मी आमच्या घरातलं हुकमी अंगाईगीत काढलं— "वूता कांबा, वूता टांगा…"

पुढच्या बाकावरचा माणूस खुदकन हसला.

"हसायला काय झालं?"

तो वळला. रंग आमच्यासारखाच काळाभोर, केस तसेच कुरळे. म्हणजे आमच्या सिद्दींपैकीच. पण सदरा खाऱ्या वाऱ्यानं विटलेला. "माफ करा, बेन… पण एवढ्याशा जिवाला शीड ओढायला लावताय!"

"कसलं शीड? कांबा म्हणजे कांबळं, टांगा म्हणजे टांगा. पीरबाबांचा टांगा येतो आणि बाळ कांबळ्यात झोपतं. लहान पोरालाही ठाऊक आहे!"

"आणि वूता म्हणजे?"

"वूता म्हणजे… वूताच!"

"मी सलाया बंदराचा खलाशी. दर्यापलीकडे मोंबासाच्या धक्क्यावर, तिकडच्या बोलीत, हे रोज ऐकतो. वूता म्हणजे ओढ. कांबा म्हणजे दोर. टांगा म्हणजे शीड."

बाळाचा डोळा लागला होता. "बघा," मी म्हटलं, "टांग्यातच झोपलं."

तो इतका मोकळा हसला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

नाव इदरीस. आमच्याच गावी, मामाकडे उरुसाला निघालेला. मग काय— मी नळावर गेले की ह्याला तहान, मी आंब्याच्या बागेत गेले की ह्याला सावली हवी. मी 'टांगेवाले' म्हणून हाक मारायची, तो 'बेन' म्हणायचं विसरून 'रहेमत' म्हणायला लागला. आणि मी… त्याला टोकायचं विसरले.

पण त्याचं ते 'ओढ' डोक्यातून जाईना. शाळेत मास्तर सांगायचे, सिद्दींना नवाबानं दर्यापलीकडून आणलं. आणलं! जशी गोणी आणतात तशी. आणि इथे आमच्या पाळण्यात शीड उभं राहत होतं.

मी फुईला सांगितलं. वडिलांची ही बहीण, तिनंच मला वाढवलेलं. तिनं तव्यावरचा रोटला तसाच टाकला.

"पीरबाबांचं गाणं खलाशांचं करतो? त्या पोराला म्हणावं, माझ्या अंगणात पाय ठेवशील तर तंगडं मोडीन!"

उरुसाच्या दुपारी दर्ग्यापुढे आमची पिढीजात धमाल रंगली. ढोल, नाच, मोरपिसं. फुईनं तेच 'वूता कांबा' धरलं. आमच्या गाण्यात प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी जागा येते. सगळे थांबतात. का, ते कुणी विचारत नाही. तेवढ्यात गर्दीतून इदरीस पुढे आला.

"फुई, मला म्हणू द्याल? आम्ही वहाणावर, म्हणजे गलबतावर, म्हणतो तसं. चुकलो तर तंगडं आहेच तुमच्या हवाली."

लोक हसले. फुई हसली नाही, पण तिनं मान हलवली.

त्यानं ढोलाचा दोर दोन्ही मुठींत धरला. "वूता कांबा—" आणि त्या रिकाम्या जागी, नेमका तिथेच, अख्खं अंग मागे टाकून दोर खेचला. "हुं!" पुन्हा ओळ… पुन्हा "हुं!" आमचे ढोलवाले आपोआप त्याच्या ठेक्यावर आले. म्हाताऱ्या डुलायला लागल्या. मी फुईकडे पाहिलं. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या आणि ती हवेतला दोर ओढत होती.

गाणं संपलं. फुईनं मुठी सोडवल्या.

"माझी आजी पाळण्याची दोरी अश्शीच ओढायची," ती म्हणाली. "बाळ दचकायचं बिचारं." मग पदर खोचून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ऐकलंत रे? काहींना बांधून आणलं असेल. पण आपलं कुणीतरी शीड ओढत आलंय! आपल्या हातांनी!"

दर्ग्यापुढे असा जल्लोष मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी इदरीस स्टँडवर भेटला. पावसाळा सरला की दर्या खुलणार, वहाण निघणार.

"रहेमत… वाट बघशील?"

"वाट बघणाऱ्यांतली नाही मी," मी म्हटलं. "बागेत काम आहे मला. पण तू आलास तर… घर सापडेल ना?"

"फुई तंगडं मोडेल."

"मग आईला घेऊन ये. आणि मागच्या गल्लीनं नाही, भर बाजारातून. वाजतगाजत."

पुढच्या आंब्याच्या हंगामात भरदुपारी ढोल ऐकू आला. सगळं गाव रस्त्यावर. पुढे इदरीसची ठेंगणीठुसकी आई, डोक्यावर मिठाईचं तबक. मागे तो, घामानं निथळलेला, लाजून अर्धा झालेला.

"आत जा गं!" फुईनं मला कोपर मारलं. "नवऱ्या मुली अशा उंबऱ्यात उभ्या राहतात का?"

"राहतात," मी म्हटलं, आणि ताठ मानेनं तिथेच उभी राहिले… तो अंगणात येईपर्यंत.