अळणी ताट

कोणत्या घरात काय संपलंय हे किराणावाल्याला घरच्यांच्या आधी कळतं. शाळा माझी फार झाली नाही, पण पालममध्ये दुकान टाकल्यापासून एवढं शिकलो. तरी सरजाबाईंच्या सामानातून मीठ कधी गेलं, ते माझ्या ध्यानात आलंच नाही.

वैशाखातल्या एका दुपारी त्यांच्या मुलाचा, नागनाथचा, पुण्याहून फोन आला. "काका, आई एकटीच बोलायलीय. बाबा जेवायला येतेत म्हणते. भावकीतले म्हणतेत बाहेरचं हाय, जाणत्याला आणू. तुमी एक चक्कर मारता का?"

त्याचे वडील तात्याराव थंडीतच गेले होते. मी साखर-चहापत्ती पिशवीत टाकली आणि गाडी काढली.

घर गावाबाहेर, शेतात. वीज गेलेली. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळं आत कोंडलेला काळोख. राखेचा आणि आंबलेल्या वरणाचा वास. डोळे सरावले तेव्हा सरजाबाई दिसल्या, भिंतीला टेकलेल्या. समोर दोन ताटं वाढलेली. दुसऱ्या ताटामागं रिकामा पाट.

"या भाऊ." त्यांची जीभ जड झाली होती. "हळू बोला. हे जेवायलेत."

मी त्यांच्या ताटातल्या वरणात बोट बुडवून चाखलं. मिठाचा कण नव्हता.

"वरण अळणी झालंय, वहिनी."

"दहाव्याला कावळा शिवंना," त्या म्हणाल्या. "नागनाथनं सगळं कबूल केलं. आईला सांभाळीन, शेत इकणार न्हाई. तरी शिवंना. मग मी म्हणलं, तुमच्यामागं मीठ तोंडाला लावणार न्हाई. लगेच शिवला."

"तात्यारावांना मिठाचं एवढं काय?"

"जल्मभर ताट सरकवायचे, खारट झालं म्हणून." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

कारण कोनाड्यात मला बीपीच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं होतं. माझे वडील मानवतला असेच भ्रमले होते. मेलेल्या आत्यासाठी खाटेवर सरकून जागा करायचे. आम्ही लिंबं उतरवत बसलो. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, तळाला गेलेलं. तसलीच गोळी, वर पथ्य म्हणून अळणी जेवण आणि उन्हाळ्यात तांब्यांनी पाणी. हळूहळू सलाईन चढवली तशी आत्या गेली आणि वडील भजी मागायला लागले. उशीर झाला असता तर झटके येऊन संपले असते, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी ते सगळं सरजाबाईंना सांगितलं. "आत्ताच दवाखान्यात चला. जिवावर बेतेल."

"मीठ वाढल्यावर हे दिसतेल?"

"नाही दिसणार."

"मग कशाला नेता..."

तेवढ्यात ज्वारीची वाळकी भाकरी मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या ताटातून. मग चावण्याचा, सावकाश, दात नसलेल्या माणसासारखा. उंदीर असेल, असं मी स्वतःला बजावलं आणि मान तिकडं वळवली नाही.

सरजाबाईंची मान एका बाजूला कलायला लागली होती. डोळे मिटत होते. जीप बोलावली तरी पाट सोडून त्या उठणार नव्हत्या.

"वहिनी, त्यांनाच विचारा ना," मी म्हणालो.

त्या पाटाकडं वळल्या. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"जा म्हणतेत... पण म्हणतेत, मग मी जेवायचं कुठं?"

मी जन्माचा दुकानदार. आल्यागेल्याला 'या' म्हणायची जिभेला सवय. "माझ्याकडं या म्हणावं. माझा डबा रोज दुकानातच येतो."

चावणं थांबलं.

सरजाबाई निमूट उठल्या. परभणीच्या दवाखान्यात सोडियम फारच कमी निघालं. डॉक्टरांनी गोळी बदलली, सलाईन लावली, आणि बाई शुद्धीवर आल्या. आता मीठ खातात. घरात कुणी दिसत नाही म्हणतात.

माझं मात्र जेवण बिघडलंय. डबा उघडला की भाजीला चव लागत नाही. मंजुषा, माझी बायको, मीठ घातल्याची शपथ घेते, स्वतः चाखून दाखवते. मी परभणीला जाऊन रक्त तपासून आलो. सोडियम, बी-बारा, थायरॉईड, सगळं जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणाले, "शेटजी, तुम्हाला काही झालेलं नाही." तेच ऐकायची मला भीती होती. सरजाबाईंना औषध सापडलं, कारण त्यांना आजार होता.

काल दुपारी मी जेवत असताना सरजाबाई दुकानात आल्या. मीठ घेतलं, साखर घेतली, नातवाच्या गोष्टी सांगितल्या. मला भाऊ म्हणतात, त्यामुळं माझ्यासमोर त्या कधी डोक्यावरून पदर घेत नाहीत; घ्यायच्या ते तात्याराव समोर असले की. निघताना माझ्या समोरच्या तुरीच्या पोत्याजवळ पोचल्या, आणि बोलता बोलताच, नजर खाली करून, त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठं काय," त्या म्हणाल्या, आणि पोत्याला वळसा घालून बाहेर पडल्या.